वडीगोद्रीच्या माळावरचा फोटो

तुमच्या मासिकातल्या भुताखेतांच्या पानावर लिहिणारे सगळे आधी सांगतात, की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी वाचताना हसायचे. विश्वास नव्हता तर मग घाबरलात कशाला, असं मनात म्हणायचे... आता माझी पाळी आली तर मलाही तेच लिहावं लागतंय. माझं माहेर धावड्याचं. तिथे चिंचेवर, विहिरीत, बांधावर, सगळीकडे काहीतरी असायचं असं लोक सांगायचे. मी त्या चिंचेखालून भर दुपारी शेण गोळा करून आणलेलं आहे. मला कधी काही दिसलं नाही. अंगात आलेली बाई घुमताना बघितली तर मला भीती वाटायची नाही, उद्या हिचं अंग किती दुखेल असं वाटायचं.

मी आता जुन्या जालन्यात राहते. खाली धान्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला पायी दुसऱ्या गावाला जावं लागायचं, म्हणून आईने बंद केली. वाचायची गोडी मात्र राहिली. मोठ्या जाऊबाई पलीकडच्या गल्लीत राहतात, त्यांना मी आक्का म्हणते. त्यांच्याकडे तुमचं मासिक येतं, त्यांचं झालं की मी मागून आणते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. म्हणून लिहितेय. हे मी पाठवणार नाही, ते आधीच सांगते... पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिताही येईना, म्हणून तुम्हाला धरलंय.

आमच्या मालकांची स्वतःची जीप आहे. लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शन, दवाखाना, जे भाडं मिळेल ते मारतात. मुलगी सासरी गेली आणि मी घरात एकटी पडले, तेव्हा तेच म्हणाले, पुढं एक सीट रिकामीच असती, चल. तेव्हापासून लांबचं भाडं असलं की मी त्यांच्या शेजारी बसून जाते. सवारी लग्नात जेवत असते नाहीतर देवळाच्या रांगेत असते, तेवढ्या वेळात मी गावाबाहेर चालत सुटते. नाल्याच्या कडेने, बांधाने, माळावर. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला पाणी द्यायचं नाही, नुसतं चालायचं. त्या चालण्यात मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या जिल्ह्यात किती जीव राहतात. लोक म्हणतात आपल्याकडे काय आहे, नुसतं माळरान. मी काळवीट बघितलंय, रोही म्हणजे नीलगाई बघितल्यात, खोकडाचं जोडपं ऊन खाताना बघितलंय. तारेवर बसलेला नीळकंठ उडाला की त्याच्या पंखातून केवढं निळं बाहेर पडतं, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते.

आधी मोबाइलवर फोटो काढायचे. पाखरू मुंगीएवढं यायचं. मग एका लग्नात फोटोवाल्याने जुना कॅमेरा विकायला काढला होता, तो मालकांनी मला न विचारता घेतला आणि गाडीत माझ्या मांडीवर ठेवला. लांबचं जवळ ओढणारी नळी आहे त्याला. मी म्हणाले, कशाला एवढा खर्च. तर म्हणाले, "घे की. मुंगीचे फोटो पाहून पाहून माझे डोळे गेले."

हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं वाचून तुम्हाला ते वाईट माणूस वाटतील. ते तसे नव्हते. माझ्यासाठी ते रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून थांबायचे. हॉर्न वाजवायचे नाहीत, दारसुद्धा आपटायचे नाहीत. सवारीने घाई केली तर म्हणायचे, जरा दम काढा, मॅडमची शूटिंग चालू आहे. मी लाजून मरायचे. पण परत येऊन बसले की आधी कॅमेरा मागायचे आणि एकेक फोटो बघायचे. नवऱ्याने रोज माझं काही बघावं असं माझ्याकडे दुसरं काय होतं... तेवढंच होतं.

फोटो काढताना मला एक सवय आहे, ती सांगावी लागेल. लहानपणी वाटेत मुंगूस आडवं गेलं की आम्ही पोरी त्याला देवाची शपथ घालायचो, मुंगसा तोंड दाखव म्हणून. तुमच्याकडेही घालत असतील. मुंगूस खरंच थांबतं आणि मान वळवून बघतं, आणि त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. आई मात्र रागवायची. म्हणायची, मुक्या जिवाला शपथ घातली आणि त्यानं पाळली, तर मंग तुमच्याकडंही काही लागतं त्याचं. फुकट न्हाई दाखवत ते तोंड. आम्ही ऐकून सोडून द्यायचो. पण ती सवय मला राहिली. कॅमेरा डोळ्याला लावला की समोर होला असो नाहीतर हरीण असो, मी मनात शपथ घालते. तोंड दाखव बाई. बरेच वेळा दाखवतात. आवाजाने, वासाने वळत असतील. त्यात मी कधी काही मानलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अंबडच्या पुढे वडीगोद्रीला एका घरचा साखरपुडा होता, त्याचं भाडं होतं. माणसं मांडवात उतरली आणि मी मालकांना सांगून निघाले. गावाबाहेर मोसंबीच्या बागा संपल्या की पलीकडे एक उताराचा माळ लागतो. त्याच्या पोटातून कोरडा नाला जातो. तिथे एक धनगर बाई मेंढरं घेऊन बसली होती. माझ्या आईच्या वयाची. मी लाजत लाजत पाणी विचारलं. तिने दिलं आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, पाखरांचे काढती का? मी मान हलवली. माझ्यात काय बघितलं कोण जाणे. तिने हाताने नाल्याच्या पलीकडचा बांध दाखवला आणि हळूच सांगितलं, की तिकडं चूप बसून राहा, एक पाव्हणी येती.

ती लांडगा म्हणाली नाही. मेंढरांपाशी ते नाव घेत नाहीत, असं तिने नंतर सांगितलं. पाव्हणीच म्हणायची. पाव्हणीची पिल्लं नाल्याच्या कपारीत होती. वर्षाला एखाददुसरं कोकरू जातं, तर जाऊ दे, तिलाही लेकरं आहेत, असं तिचं म्हणणं होतं. पण गावात सगळेच असं म्हणायचे नाहीत. म्हणून तिने मला दंडाला धरून बजावलं, "माय, कुणापाशी बोलू नको. एका कानाची दोन कानं झाली तर कपारीत धुरी देतील तिला."

मी म्हणाले, मी कुणाशी बोलतच नाही.

बाभळीच्या झुडपाआड मी बसले. सकाळचं कोवळं ऊन होतं. बऱ्याच वेळाने बांधावरच्या वाळक्या गवताचा रंग थोडा हलला आणि ती उभी होती. गवताच्याच रंगाची. हडकलेली, पोटाखाली आचळं लोंबलेली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती नाल्याकडे बघत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मी मनात शपथ घातली. तोंड दाखव बाई, तुला देवाची आण.

तिने मान वळवली. नुसती मान नाही, सगळी वळून समोर झाली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी एकदा बटन दाबलं. दुसऱ्यांदा दाबायचं भान राहिलं नाही. ती बघत होती आणि मी बघत होते. मग ती नाल्यात उतरून गेली.

म्हणजे फोटो एकच निघाला. हे लक्षात ठेवा.

गाडीत येऊन बसले आणि कॅमेरा मालकांच्या हातात दिला. त्यांनी त्या छोट्या पडद्यावर बघितलं. मोठं करून बघितलं. मग म्हणाले, "आयला सुमन... हिचे डोळे पाह्य. माणसासारखी पाहून राह्यली." पडदा त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला. आम्ही दोघांनी डोक्याला डोकं लावून बघितलं. पिवळे डोळे, त्यांच्याभोवती काळी रेघ, एका कानाला जुनी फाटलेली खाच. मी त्यांना पिल्लांचं सांगितलं. कपार कुठे ते सांगितलं, कारण मी त्यांना सगळंच सांगायचे. आणि धनगर मावशीने काय बजावलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "येडी का तू? मी कशाला सांगतो कुणाला."

मला बरं वाटलं. पहिल्यांदाच आमच्या दोघांत लपवायचं असं काही होतं, आणि ते चांगलं होतं.

पुढच्या आठवड्यात मालक म्हणाले, तो फोटो मोठा करून आणतो भिंतीला. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेऊन गेले आणि चौकट करून आणली. स्वतः खिळा ठोकून लावली, चुलीसमोरच्या भिंतीला. भाकरी थापताना वर बघितलं की ती समोर. मला इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी मी पुरणाचा घाट घातला. सण नव्हता.

मग संक्रांत आली. आक्कांकडे हळदीकुंकू होतं. मी कोपऱ्यात बसून वाण घेऊन निघायच्या बेतात, तेवढ्यात एक बाई मला म्हणाली, तुमच्या मालकांनी काय फोटो काढला हो लांडग्याचा. मला वाटलं आमच्या घरी कुणी आलं असेल, चौकट बघितली असेल. पण आक्कांनी आपला मोबाइल काढला आणि सगळ्या बायकांना दाखवायला सुरुवात केली. आमच्या भावकीचा ग्रुप आहे, मी त्यात नाही. त्यात माझा फोटो होता. खाली मालकांचं नाव, फोन नंबर आणि लिहिलेलं, की मी स्वतः काढलेला फोटो, वडीगोद्रीचा माळ, ज्यांना लांडगा आणि पिल्लं पाहायची त्यांना आपल्या गाडीतून बराबर दाखवण्यात येतील.

त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. कुणी लिहिलं, डोळे बघा डोळे. कुणी लिहिलं, असा रोखून बघतोय की काळजात धस्स झालं. एकाने लिहिलं, कानाची खाच पण दिसते, जबरदस्त. आक्का वाचून दाखवत होत्या आणि बायका वाकून वाकून बघत होत्या. मीही बघितलं. त्या दिवशी ती समोर बघत होती, हे मी लेकीची शपथ घेऊन सांगते. आक्का म्हणाल्या, आमच्या दिराला कधीपासून आलं गं हे? मी वाण पदराखाली घेतलं. एवढ्या बायकांत मी म्हणणार होते का, की तो फोटो माझा आहे म्हणून.

घरी येऊन विचारलं. मालक आधी हसले. मग म्हणाले, नवराबायकोत तुझं माझं काय? तुझं नाव टाकलं असतं तर कुणी खरं मानलं असतं का, चौथी शिकलेल्या बाईनं लांडग्याचा फोटो काढला म्हणून? मी म्हणाले, नावाचं जाऊ द्या. जागा सांगितली ना तुम्ही. तर म्हणाले, "मोठमोठ्या शहरांतले लोक येऊन राह्यले, सुमन. त्यांचे कॅमेरे पाह्य, तुझ्या हाताएवढे लांब. ते काय मारायला येतेत का? फोटोच काढतेत. तू काढला तो चालला, त्यांनी काढला तर पाप?"

वाण मी देवापुढे नेऊन ठेवलं. याचं उत्तर मी अजून शोधतेय.

त्यानंतर मालक मला वडीगोद्रीला न्यायचे नाहीत. सवारी भरलेली आहे, जागा नाही म्हणायचे. माझी पुढची सीट कुठल्यातरी कॅमेऱ्यावाल्याची झाली. चकरांवर चकरा होऊ लागल्या. आल्यावर सांगायचे, आज पिल्लं बाहेर खेळून राह्यली होती, आज पाव्हणे लई खूश झाले. पाव्हणे म्हणजे माणसं. मी भाकरी थापत वर चौकटीकडे बघायचे. ती माझ्याकडे बघत असायची. तोवर बघत असायची.

शेवटी एका सकाळी मी न सांगता खाली जाऊन गाडीत बसले. मागच्या सीटवर, सवारीच्या आधी. मालकांना चार लोकांपुढे मला उतरवता आलं नाही.

माळावर आम्ही पोचलो तर आधीच दुसऱ्या दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. मालकांनी ज्यांना जागा दाखवली, त्यांनी आता आपापली माणसं आणली होती. कपारीच्या वरच्या बांधावर लोक पालथे पडून होते, कॅमेरे लावून. कुणीतरी मटणाचे तुकडे नाल्यात टाकले होते, पिल्लं बाहेर यावीत म्हणून. नाल्याच्या तोंडाशी गाडीच्या चाकांनी गवत सगळं दळून टाकलं होतं. जरा दूर धनगर मावशी मेंढरं घेऊन उभी होती. मी तिच्याकडे गेले. तिने मला ओळखलं. मला वाटलं शिव्या देईल, म्हणजे बरं झालं असतं. पण तिने फक्त सांगितलं, की पाव्हणी तीन दिवस झाले रोज लांबच्या टेकाडावर येऊन उभी राहते, माणसं हलत नाहीत म्हणून खाली उतरत नाही. रात्रीसुद्धा लोक गाडीत झोपून राहतात. "लेकरं भुकेनं ओरडायची," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून गप आहेत."

मी कधी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी बोलले. मालकांना म्हणाले, यांना म्हणा इथून उठा. ते माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लोकांसमोर तमाशा करू नको. जल्दी गाडीत बस." मग त्या लोकांकडे वळून हसून म्हणाले, मिसेस आहे, जरा भित्री आहे.

एकजण उठून कपारीत वाकला आणि हाताने दोन ताठलेली पिल्लं बाहेर काढून ठेवली. आणखी होती की नव्हती, माहीत नाही. त्यांचेसुद्धा लोकांनी फोटो काढले. मालक गाडीला टेकून खाली बघत होते. त्यांना वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं. पण वाईट वाटलेलं माणूस असं हसत नाही परत, पाव्हण्यांना गाडीत बसवताना.

घरी पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. मी हातपाय धुतले, चूल पेटवायला बसले आणि वर बघितलं.

चौकटीत ती पाठमोरी होती.

मला आधी वाटलं डोळ्यांत धूर गेलाय. उठून जवळ गेले. तोच बांध होता. तेच वाळकं गवत, त्यातली एक मोडलेली काडी डावीकडे झुकलेली, ती तशीच. खालच्या कोपऱ्यात बाभळीची फांदी पुसट आलेली होती, तीही तशीच. मधे ती उभी होती, पण माझ्याकडे पाठ करून. शेपूट खाली, मान पलीकडे. फाटक्या कानाची खाच आता मागून दिसत होती, दुसऱ्या बाजूला.

मी मालकांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि त्यांचा हात दाराच्या चौकटीवर गेला. मी ते बघितलं. मी म्हणाले, तुम्ही बदलला का फोटो? ते म्हणाले, बदललाय कशाला, तोच आहे. मी म्हणाले, ही आपल्याकडे बघत होती. ते खाली निघून गेले.

मग मी कॅमेरा काढला. छापून आणल्यावर कार्ड परत त्यातच घातलेलं होतं. तिचा फोटो एकच होता, मी सांगितलंय. तोही पाठमोरा. मी तशीच पदर सावरत आक्कांकडे गेले. म्हणाले, आक्का, तो फोटो दाखवता का पुन्हा. त्यांनी शोधून दाखवला. त्यातही पाठ. आणि खाली लोकांचं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं होतं. डोळे बघा डोळे. असा रोखून बघतोय...

मी आक्कांना ते वाचायला लावलं. म्हणाले, डोळे कुठे आहेत यात? त्यांनी फोटो बघितला, लिहिलेलं वाचलं, पुन्हा फोटो बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा गोंधळला. मग म्हणाल्या, "पाठमोराच होता की गं पहिल्यापासून. लोक काय, न पाहता काहीही लिहितेत." आणि मोबाइल बंद केला. मी म्हणाले, तुम्हीच वाचून दाखवत होतात हळदीकुंकवात. त्या म्हणाल्या, ऊन लागलंय तुला, सरबत घे.

ज्या दुकानात मोठा फोटो छापून घेतला, तिथेही मी जाऊन आले. आयुष्यात मी एकटी अशा दुकानात गेले नव्हते. तो माणूस म्हणाला, बाई, कार्डात होता तसा मी छापला, मी जनावराचं तोंड इकडचं तिकडं कसं करणार? बरोबरच आहे त्याचं. उलटा छापला गेला असता तर गवताची काडीही उजवीकडे गेली असती. काडी जागेवर आहे.

मी सगळं स्वतःशी घोळून बघितलं. माझ्या मनाला धक्का बसला म्हणून मला तसं दिसतं म्हणावं, तर पाठ सगळ्यांनाच दिसते. तोंडच कुणाला आठवत नाही. मलाच भास झाला होता म्हणावं, तर ते डोळ्यांबद्दल लिहिणारे इतके लोक कोण? आणि माळावर त्यानंतर कुणाला ती दिसली नाही. धनगर मावशीलासुद्धा नाही, असं तिच्या सुनेने मला नंतर बाजारात सांगितलं. मावशी माझ्याशी बोलत नाही.

माझ्यासोबत डोक्याला डोकं लावून तो फोटो बघणारं माणूस जगात एकच आहे. मला दुसरं काही नको होतं. पिल्लं मेली, ती परत येणार नाहीत. फोटोखालचं नावही राहू दे त्यांचं. फक्त त्यांनी एकदा म्हणावं, हो, मी पाहिलं होतं तिचं तोंड. म्हणजे मी येडी नाही एवढं तरी ठरलं असतं. मी जेवताना विचारलं, झोपताना विचारलं. ते विषय बदलायचे. आजकाल जेवायला बसतात ते त्या भिंतीकडे पाठ करून. पूर्वी समोर बसायचे. चौकट काढून टाकू का विचारलं तर म्हणाले, राहू दे, हात लावू नको तिला. फोटोला "तिला" म्हणाले.

मालकांची एक गोष्ट आहे. चाकावर हात असताना ते खोटं बोलत नाहीत. पोलिसाने अडवलं तरी चाक धरून खोटं सांगणार नाहीत, खाली उतरून सांगतील. म्हणतात, या चाकावर पोट आहे आपलं, त्याला हात लावून खोटं बोललो तर ते दगा देईल. त्यांचे वडील बैलगाडीच्या जुवावर हात ठेवून कधी खोटं बोलले नाहीत, ते यांनी उचललं. मला हे लग्न झाल्यापासून माहीत आहे. म्हणून परवा अंबडहून रिकामी गाडी घेऊन येताना, सरळ रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर होते तेव्हा मी विचारलं. म्हणाले, अहो, एकदाच सांगा. तुम्ही म्हणाला होतात ना, हिचे डोळे बघ म्हणून?

त्यांनी आरशात मागचा रस्ता बघितला. मग गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

"न्हाई," म्हणाले. "मी डोळे-बिळे काही पाह्यले न्हाईत. ती पाठमोरीच होती."

मग हात पुन्हा चाकावर ठेवले आणि गाडी चालू केली. पुढच्या टपरीवर विचारलं, चहा घेती का. मी घेते म्हणाले.

तर असं आहे. तो फोटो कसा फिरला, कधी फिरला, माणसं माळावर होती तेव्हा की मी गाडीत बसून परत येत होते तेव्हा, ते मला सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांनाही येईल असं वाटत नाही, आणि मी कुणाला विचारणारही नाही. चौकट अजून तिथेच आहे. कॅमेरा मी डब्यात घालून माळ्यावर ठेवलाय.

हे लिहीत असताना खालून हॉर्न वाजतोय. वडीगोद्रीपलीकडचं लग्नाचं भाडं आहे, पुढची सीट रिकामी आहे, चल म्हणून हाक मारतायत. मी वरूनच ओरडून सांगितलं, नळाला पाणी यायचंय, तुम्ही जा. पाणी कालच येऊन गेलंय. भांडी त्यांनीच भरून दिली होती.

ते म्हणाले, बरं.